गर्भपिशवी काढली की लघवी सुटायची थांबते? नाही!

हर्णै बंदरात माशांची पाटी उचलताना, लावणीला वाकताना, नुसतं शिंकतानाही लघवी सुटते, हे बायका एकमेकींनाच हळूच सांगतात. वर्षानुवर्षं सल्ला एकच मिळतो: "पिशवी काढून टाक गो, थांबेल."

हे साफ चूक आहे. बाळंतपणानं, वयानं मूत्रमार्गाला खालून धरणारे स्नायू सैल पडतात. पोटावर जोर आला की मार्ग नीट मिटत नाही. गर्भाशय काढून तो आधार परत येत नाही. उलट काहींना हा त्रास त्या ऑपरेशननंतरच सुरू होतो. एवढं मोठं ऑपरेशन चुकीच्या कारणासाठी होतं, याचं मला फार वाईट वाटतं.

आधी ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचे व्यायाम, नीट शिकून, किमान 3 महिने. तेवढ्यानं भागलं नाही तर मूत्रमार्गाखाली आधाराची पट्टी बसवतात. कृत्रिम जाळीची पट्टी स्वीडनच्या डॉ. उल्मस्टेन यांनी 1996 मध्ये मांडली. ती काहींना आत टोचते, दुखते. इंग्लंडमध्ये 2018 पासून तिच्यावर कडक बंधनं आहेत. स्वतःच्याच पोटाच्या भिंतीतल्या चिवट पडद्याचीही पट्टी करता येते. दोन्हींबद्दल डॉक्टरांना मोकळेपणानं विचारा. मात्र घाईची लागून वाटेतच सुटत असेल, तर तो आजार वेगळा. त्याला ही पट्टी नाही, गोळ्या असतात.