युरोपचे धातूविषयक नियम उद्योगच लिहून देतात का?

"युरोपातले नियम उद्योगांच्या संघटना बंद दाराआड लिहून देतात, बाहेर कुणाला पत्ताही लागत नाही," असा मजकूर वर्षानुवर्षे फिरतो आहे. त्यामागची शंका रास्त आहे, दबाव असतोच. पण तो कसा टाकला जातो, हे बरंचसं उघड्यावर दिसतं.

प्लगची पितळी पिन घ्या. 2011 च्या युरोपीय निर्देशानुसार विद्युत उपकरणांत कुठल्याही एकजिनसी पदार्थात वजनाच्या 0.1 टक्क्याहून जास्त शिसं चालत नाही. तांब्याच्या मिश्रधातूंना मात्र 4 टक्क्यांपर्यंत सूट मिळत आली, कारण शिसं असलं की पितळ लेथवर सहज कापलं जातं. ही सूट मुदतीची असते. ती संपण्याच्या किमान 18 महिने आधी उद्योगांना पुन्हा अर्ज करावा लागतो आणि पर्याय का नाही, ते पुराव्यानिशी मांडावं लागतं. सल्लागार तो अर्ज तपासतात, लोकांची मतं मागवली जातात, मग युरोपीय आयोग, म्हणजे युरोपीय संघाची कार्यकारी संस्था, निर्णय घेते. युरोपीय संसद किंवा सदस्य देशांची मंत्रिपरिषद तो रोखू शकते.

पडताळायचं असेल तर युरोपीय संघाच्या पारदर्शकता नोंदवहीत संघटनेचं नाव शोधा. लॉबिंगवरचा अंदाजे खर्च, माणसं, विषय दिसतील. आयोगाच्या आयुक्तांच्या अशा संघटनांशी होणाऱ्या भेटीही 2014 च्या अखेरीपासून जाहीर होतात. संघटनेचं निवेदन आणि अंतिम नियम शेजारी ठेवून वाचा: काय मान्य झालं, काय नाही, ते कळतं.

पैसा आणि तज्ज्ञ उद्योगांकडे जास्त असतात, ही खरी अडचण आहे. रुग्णांच्या किंवा पर्यावरणाच्या छोट्या गटांना इतकी कागदपत्रं वाचायलाही माणसं पुरत नाहीत.