कळसूबाई सह्याद्रीत सर्वांत उंच? नाही, महाराष्ट्रात

'सह्याद्रीतलं सर्वोच्च शिखर कळसूबाई' हे वाक्य ट्रेकच्या फोटोंखाली वर्षानुवर्षं फिरतंय. ते चूक आहे. कळसूबाई १६४६ मीटर उंच आहे आणि महाराष्ट्रात तिच्याहून उंच काही नाही, एवढंच खरं. सह्याद्री मात्र आपल्या सीमेवर संपत नाही. तीच रांग पुढे कर्नाटकातून केरळ-तमिळनाडूपर्यंत जाते. तिचं सर्वोच्च शिखर केरळात मुन्नारजवळ, एरविकुलम राष्ट्रीय उद्यानातलं अनमुडी: २६९५ मीटर. म्हणजे हजार मीटरहून जास्त फरक! कुणी म्हणेल, दक्षिणेकडचे डोंगर आम्ही सह्याद्रीत धरत नाही. तरी कर्नाटकातलं चिकमगळूरजवळचं मुळ्ळय्यनगिरी १९०० मीटरच्या वर आहेच.

यानं कळसूबाईचं मोल तसूभर कमी होत नाही. अकोले तालुक्यातल्या बारी गावातून पहाटे निघावं, लोखंडी शिड्या चढाव्यात, माथ्यावरच्या छोट्या देवळात देवीपुढे हात जोडावेत. हवा स्वच्छ असेल तर अलंग, मदन, कुलंग हे किल्ले समोर उभे असतात. तो क्षण मला फार प्रिय आहे. म्हणूनच फोटोखाली तिचं खरं बिरुद लिहा: महाराष्ट्राचं सर्वोच्च शिखर.