उथळ पाणी, जाड खडक: प्रवाळभित्तींच्या भूविज्ञानाची पार्श्वभूमी

प्राचीन उष्णकटिबंधीय समुद्रांचा आणि प्रवाळभित्तींचा अभ्यास एका अडचणीतून उभा राहिला आहे, आणि त्याची हकीकत सांगायची तर त्या अडचणीपासूनच सुरुवात करणे योग्य ठरेल. भित्ती बांधणारे प्रवाळ उथळ पाण्यातच जोमाने वाढते. त्याच्या शरीरात राहणारे सूक्ष्म शैवाल सूर्यप्रकाशावर अन्न तयार करते आणि त्यातला मोठा वाटा प्रवाळाला देते. म्हणून जिथवर भरपूर प्रकाश पोहोचतो तिथवरच, म्हणजे पहिल्या काही दहा मीटरांतच, भित्तीची खरी बांधणी होते. पाण्याचे तापमान १८ अंश सेल्सिअसच्या खाली फार काळ राहिलेलेही त्याला सोसत नाही. असे असूनही उथळ समुद्रातील जिवांनी रचलेले चुनखडक शेकडो मीटर, कित्येक ठिकाणी हजार मीटरांहूनही अधिक जाडीचे आढळतात. वीस-तीस मीटर पाण्यात जगणाऱ्या जिवाने हजार मीटरांचा खडक बांधला कसा?

हा प्रश्न पडण्याआधी प्रवाळ हा प्राणी आहे, हे मान्य व्हावे लागले. अठराव्या शतकाच्या आरंभी लुइजी मार्सिली या इटालियन अभ्यासकाने ताजे पोवळे समुद्राच्या पाण्यात ठेवले, तेव्हा त्यावर आठ पाकळ्यांची पांढरी ‘फुले’ उमललेली त्याला दिसली आणि पोवळे ही वनस्पती असल्याचे त्याने जाहीर केले. मार्सेचे वैद्य झाँ आंद्रे पेसोनेल यांनी १७२०च्या दशकात तीच फुले पाहिली आणि ते समुद्रपुष्पासारखे छोटे प्राणी असल्याचे ओळखले. पॅरिसच्या विज्ञान अकादमीत त्यांचे म्हणणे रेओम्यूर यांनी मांडले, पण पेसोनेल यांची नाचक्की होऊ नये म्हणून त्यांचे नाव घेतले नाही. १७४०च्या दशकात आब्राम ट्रेंब्ली यांचे गोड्या पाण्यातील हायड्रावरचे प्रयोग गाजले, आणि त्यानंतरच पेसोनेल यांचे म्हणणे विद्वानांना पटू लागले. ज्याने नीट पाहिले त्याला इतकी वाट पाहावी लागली, याचे वाईट वाटते.

पॅसिफिकमध्ये जाणाऱ्या नाविकांना महासागराच्या मध्यभागी कड्यासारखी गोल बेटे दिसत असत. मधोमध शांत खाजण आणि बाहेर एकदम खोल समुद्र, अशी या कंकणद्वीपांची रचना आहे. इंग्रज दर्यावर्दी जेम्स कुक यांच्या दुसऱ्या सफरीवर गेलेल्या योहान राइनहोल्ड फॉर्स्टर यांचा समज असा होता की, प्रवाळ महासागराच्या तळापासून बांधत बांधत वर येते. जीन क्वॉय आणि जोसेफ गेमार्ड या फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञांनी १८२०च्या दशकात हा समज खोडून काढला. भित्ती बांधणारी प्रवाळे थोड्याच खोलीवर जगतात, असे त्यांनी दाखवून दिले. म्हणजे भित्तीखाली कोणतातरी उथळ पाया असायलाच हवा. तो पाया बुडालेल्या ज्वालामुखींच्या विवरांच्या कडांचा असावा, असे उत्तर भूवैज्ञानिक चार्ल्स लायेल यांनी उचलून धरले. पण इतक्या असंख्य विवरांच्या कडा नेमक्या समुद्रसपाटीच्या जरा खाली येऊन थांबाव्यात, हे मुळातच न पटणारे होते.

चार्ल्स डार्विन यांचे उत्तर अधिक साधे आणि अधिक धाडसी होते. त्यांनी स्वतः लिहून ठेवले आहे की, एकही खरी प्रवाळभित्ती पाहण्याआधी, दक्षिण अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर असतानाच हा सिद्धांत त्यांना सुचला होता. तिथे जमीन वर उचलली जात असल्याचे ते पाहत होते, आणि एकीकडे जमीन वर येत असेल तर दुसरीकडे ती खचतही असली पाहिजे, हा विचार त्यातून पुढे गेला. ज्वालामुखी बेटाच्या काठाला लागून भित्ती वाढते. बेट सावकाश खचते. भित्ती त्याच गतीने वर बांधली जात असल्यामुळे पृष्ठभागाजवळच राहते, मात्र बेट आक्रसत गेल्याने किनाऱ्यापासून दूर पडते. शेवटी बेट पूर्ण बुडते आणि कडे तेवढे उरते. अनुतट भित्ती, रोधक भित्ती आणि कंकणद्वीप हे तीन वेगळे प्रकार नसून एकाच बेटाच्या आयुष्यातल्या तीन अवस्था ठरल्या. एप्रिल १८३६मध्ये हिंदी महासागरातील कीलिंग बेटांवर त्यांनी भित्ती जवळून पाहिली आणि १८४२मध्ये त्यांचा प्रवाळभित्तींवरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. जाडीचे कोडे सोडवण्यासाठी प्रवाळाला खोल पाण्यात पाठवण्याची गरजच उरली नाही, कारण तळच खाली जात होता.

सर्वांना हे मान्य झाले नाही. ‘चॅलेंजर’ जहाजावरील समुद्र-संशोधन मोहिमेवरून परतलेल्या जॉन मरे यांनी १८८०मध्ये पर्यायी मत मांडले. समुद्रातील सूक्ष्मजीवांच्या कवचांचा गाळ पाण्याखालच्या डोंगरांवर साचून ते उथळ पाण्यापर्यंत उंच होतात, आणि त्यांवर प्रवाळ वसते, असे त्यांचे म्हणणे होते. हा वाद भोक पाडूनच मिटणार होता. एखाद्या गडगंज धनिकाने कंकणद्वीपात पाचसहाशे फुटांचे भोक पाडून खडकाचे नमुने आणवावेत, अशी इच्छा डार्विन यांनी १८८१मध्ये अलेक्झांडर आगासीझ यांना लिहिलेल्या पत्रात व्यक्त केली होती. रॉयल सोसायटीने १८९६ ते १८९८ या काळात पॅसिफिकमधील फुनाफुटी या कंकणद्वीपावर तीन मोहिमा काढल्या. वेधन १,११४ फुटांपर्यंत गेले, पण ज्वालामुखी खडक लागला नाही. सगळा चुनखडकच निघाला. दोन्ही पक्षांना तो पुरावा आपल्याच बाजूचा वाटला, कारण भित्तीच्या कडेवरून खाली गडगडलेल्या ढिगाऱ्यातूनच भोक गेले, असे मरे यांच्या बाजूचे लोक म्हणू शकत होते.

निर्णय लागायला १९५२ साल उजाडले, आणि तोही एका भयंकर कामाच्या तयारीतून लागला. पॅसिफिकमधील एनिवेटॉक या कंकणद्वीपावर अमेरिकेने हायड्रोजन बॉम्बची चाचणी घेतली, त्याआधी तिथे दोन खोल भोके घेण्यात आली. एकाला सुमारे १,३०० मीटरांवर आणि दुसऱ्याला सुमारे १,४०० मीटरांवर बेसॉल्ट हा ज्वालामुखी खडक लागला. त्या बेसॉल्टच्या लगेच वर असलेला चुनखडक इओसीन काळातील (सुमारे ५.६ ते ३.४ कोटी वर्षांपूर्वीचा) होता आणि त्यात उथळ पाण्यातील जीवाश्म होते. म्हणजे भित्ती कोट्यवधी वर्षे बेटाच्या खचण्याशी बरोबरी करत आली होती. वरच्या थरांत जमिनीवरच्या गोगलगायींचे शंखही सापडले. अधूनमधून समुद्र खाली गेल्यावर ही भित्ती उघडी पडून तिच्यावर झाडी वाढली होती.

डोंगरांत थिजलेल्या समुद्रांचे वाचन तोवर वेगळ्या वाटेने सुरू झाले होते. आल्प्समधील फिकट कड्यांच्या खडकाचे वर्णन देओदा द दोलोम्यू यांनी १७९१मध्ये केले होते, आणि त्यांच्याच नावावरून त्याला डोलोमाइट म्हणतात. १८६०मध्ये फेर्डिनांड फॉन रिख्टहोफेन यांनी डार्विन यांचा विचार या पर्वतांना लावला: आजूबाजूला पातळ थर आणि मध्येच शेकडो मीटर उंचीचा थरहीन गठ्ठा, ही रचना खचत्या तळावर वाढलेल्या भित्तीचीच असू शकते. या कड्यांचे वैशिष्ट्य असे की, भित्तीच्या कुशीवरून घसरलेल्या मालाचे तिरके थर खोल पाण्यातील आडव्या थरांना जाऊन मिळताना आजही नुसत्या डोळ्यांनी दिसतात. सुमारे २४ कोटी वर्षांपूर्वीच्या समुद्राचा उतार तिथे डोंगराच्या बाजूवर वाचता येतो.

पश्चिम ऑस्ट्रेलियातील कॅनिंग खोऱ्यातील डेव्होनियन काळातली (सुमारे ४२ ते ३६ कोटी वर्षांपूर्वीची) भित्ती याहून स्पष्ट आहे. सुमारे ३५० किलोमीटर लांबीचा तिचा पट्टा मैदानातून भिंतीसारखा वर आलेला आहे आणि नद्यांनी तो घळींतून आडवा कापला आहे. तिथे दगडातल्या छोट्या पोकळ्या बारकाईने पाहाव्यात. पोकळीचा खालचा भाग गाळाने भरलेला असतो आणि वरच्या रिकाम्या भागात नंतर पांढरे कॅल्साइट हे चुन्याचे खनिज बसलेले असते. गाळ आणि कॅल्साइट यांच्यामधली रेषा म्हणजे त्या वेळची आडवी पातळी. गवंड्याची पाणसळच जणू खडकात राहून गेली आहे. आजूबाजूचा थर या रेषेशी जो कोन करतो तो भित्तीच्या मूळ उताराचा, आणि उरलेला कल नंतरच्या भूहालचालींचा, असा हिशेब त्यावरून मांडता येतो.

मात्र या जुन्या भित्तींना सरसकट ‘प्रवाळभित्ती’ म्हणणे सैल ठरते. समुद्रातील पहिली चुन्याची बांधकामे सायनोबॅक्टेरियांसारख्या सूक्ष्मजीवांची असून पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या पिलबारा भागातील स्ट्रोमॅटोलाइट, म्हणजे अशा सूक्ष्मजीवांनी थरावर थर रचून बनवलेले खडक, सुमारे ३४३ कोटी वर्षांपूर्वीचे आहेत. कँब्रियन काळाच्या (सुमारे ५४ कोटी वर्षांपूर्वी सुरू झालेल्या) आरंभी आर्किओसायाथ या स्पंजांनी भित्ती बांधल्या आणि ते लवकरच नाहीसे झाले. त्यानंतरच्या ऑर्डोव्हिसियन काळापासून रुगोज व टॅब्युलेट ही आता नामशेष झालेली प्रवाळे आणि स्ट्रोमॅटोपोरॉइड नावाचे चुनेदार स्पंज या कामाला लागले. स्वीडनचे गॉटलंड बेट त्यांच्या सिल्युरियन भित्तींनी बनलेले आहे. आज ते ५७ अंश उत्तर अक्षांशावर आहे, पण त्या काळी विषुववृत्ताजवळ होते. सुमारे ३७ कोटी २० लाख वर्षांपूर्वीच्या महाविलोपात हे जग कोसळले. टेक्ससमधील एल कॅपिटन कड्याची पर्मियन भित्ती मुख्यतः स्पंज आणि शैवालांची आहे, आणि डोलोमाइट पर्वतांतही प्रवाळांपेक्षा सूक्ष्मजीवांचा वाटा मोठा होता, हे पुढे सूक्ष्मदर्शकाखाली उघड झाले. क्रिटेशियस समुद्रांत तर रुडिस्ट नावाच्या शिंपल्यांनी प्रवाळांना बाजूला सारले होते.

२५ कोटी २० लाख वर्षांपूर्वी पर्मियनच्या शेवटी रुगोज आणि टॅब्युलेट ही दोन्ही प्रवाळकुळे कायमची संपली. त्यानंतर सुमारे १ कोटी वर्षांच्या खडकांत प्रवाळाचा मागमूस मिळत नाही, आणि मग मध्य ट्रायासिकमध्ये आजच्या प्रवाळांचे पूर्वज अचानक दिसू लागतात. दोन्हींचे आडवे काप शेजारी ठेवले तर फरक लगेच कळतो. जुन्या रुगोजमध्ये नव्या उभ्या पडद्या चार भागांत वाढत, आजच्या प्रवाळांत त्या सहा भागांत वाढतात. जुन्यांचा सांगाडा कॅल्साइटचा होता, नव्यांचा ॲरागोनाइट या चुन्याच्याच दुसऱ्या खनिजाचा आहे; ॲरागोनाइट गाडले गेल्यावर सहज विरघळते, म्हणून कित्येकदा जुने जीवाश्म नव्यांपेक्षा रेखीव टिकले आहेत.

हा रेखीवपणा १९६३मध्ये अनपेक्षित कामी आला. जॉन वेल्स यांनी मध्य डेव्होनियन रुगोज प्रवाळांच्या बाह्य सालीवरील केसाएवढ्या रेषा भिंगाखाली मोजल्या. प्रवाळ रोज एक बारीक रेष टाकते आणि वर्षाला एक ठळक पट्टा, हे गृहीत धरल्यावर वर्षाच्या पट्ट्यात सुमारे ४०० रेषा भरल्या. भरती-ओहोटीच्या घर्षणाने पृथ्वीचे फिरणे मंदावत आले आहे, असे खगोलशास्त्रज्ञ सांगत होतेच. त्या हिशेबाने डेव्होनियन दिवस सुमारे २२ तासांचा असायला हवा होता, आणि दगडातली मोजणी त्याच्याशी जुळली. पुढच्याच वर्षी कॉलिन स्क्रटन यांना त्या रेषांचे महिन्यागणिक गटही आढळले: वर्षाला १३ महिने, प्रत्येक सुमारे साडेतीस दिवसांचा. माझ्या मते या साऱ्या इतिहासातला सर्वांत सुंदर पुरावा हाच.

अलीकडच्या काळात जुना प्रश्न उलट बाजूने विचारला जाऊ लागला, कारण तळाबरोबर पाणीही हलते. २०,००० वर्षांपूर्वी हिमयुग ऐन भरात असताना समुद्र आजच्याहून सुमारे १२० मीटर खाली होता. बार्बाडोसच्या किनाऱ्यालगत पाण्याखालून काढलेल्या प्रवाळांवरून १९८९मध्ये रिचर्ड फेअरबँक्स यांनी त्याच्या चढाचा आलेख काढला. पृष्ठभागालगतच जगणारी एल्कहॉर्न जातीची प्रवाळे ज्या खोलीवर सापडतात, तिथे त्या काळी समुद्राची पातळी होती, हा त्यामागचा साधा तर्क. ताहितीच्या वेधनांतून पुढे दिसले की, सुमारे १४,६०० वर्षांपूर्वी काही शतकांतच पाणी १४ ते १८ मीटर चढले. हवाईजवळ १५० मीटर खोलीवर एक मृत भित्ती आहे. ती खचत्या तळावर उभी होती, आणि त्याच चढावाच्या वेळी पाण्याची बरोबरी न साधता आल्याने ती बुडाली असावी, असे मानले जाते.