स्पिरिच्युअल आणि फ्रीडम साँग: चाल एक, काम वेगळं

अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या लढ्याची गाणी ऐकताना या दोन प्रकारांची हमखास गल्लत होते. चाल बऱ्याचदा तीच असते, टाळ्यांचा ठेका तोच, निम्मे शब्दही तेच. फरक कळतो तो गाणं कुणासमोर आणि कशासाठी म्हटलं जातंय, हे पाहिल्यावर.

स्पिरिच्युअल, म्हणजे कृष्णवर्णीय गुलामांची भक्तिगीतं, गुलामगिरीत जन्मली, १८६५ च्या आधी. मळ्यावर मालकाच्या कानावर जाईल असं उघड बोलणं जिवावर बेतणारं, म्हणून बायबलमधल्या कथांच्या आडून बोललं जाई. स्वतः गुलामगिरीतून निसटलेल्या फ्रेडरिक डग्लस यांनी १८५५ च्या आत्मचरित्रात लिहून ठेवलंय की ‘कनान’ (बायबलमधली देवाने कबूल केलेली भूमी) म्हणजे त्यांच्या मनात उत्तरेचा मुलूख होता. तरीही प्रत्येक गाण्यात पळून जायचा नकाशा शोधू नये; बहुतेक गाणी दुःख पेलायला आणि ‘आम्हीही देवाची लेकरं’ हे स्वतःला बजावायला होती. १८७१ पासून फिस्क विद्यापीठाच्या फिस्क ज्युबिली सिंगर्स या गायकवृंदाने ती रंगमंचावर आणली. चार आवाजांची बांधणी आणि शांत बसलेला श्रोता, हे रूप तिथून रुळलं.

फ्रीडम साँग १९६० च्या आसपास, नागरी हक्कांच्या चळवळीत घडली. इथे आडपडदा नाही. जॉर्जियातल्या अल्बानीत तर पोलिस प्रमुख लॉरी प्रिचेट यांचं नावच गाण्याच्या ओळीत घातलं जाई.

जुन्या गाण्याचं नवं कसं होई, हे पाहण्यासारखं आहे. बहुतेकदा एकच शब्द बदलायचा, पण तो त्याच वजनाचा हवा. ‘जीझस’च्या जागी ‘फ्रीडम’: दोन अवयव (उच्चाराचे तुकडे), जोर पहिल्यावर, त्यामुळे चालीला धक्का लागत नाही. अल्बानीत चळवळीतल्या गायिका बर्निस जॉन्सन यांनी ‘ओव्हर माय हेड, आय सी ट्रबल इन द एअर’ या ओळीतल्या ‘ट्रबल’च्या जागीही ‘फ्रीडम’ घातलं, तिथेही माप तंतोतंत बसलं. बाकी ओळ आधीच पाठ असल्याने कालपर्यंत चर्चमध्ये गाणारी माणसं दुसऱ्या आवर्तनापासूनच साथ देत. लांबलचक घोषणा ओळीत कोंबली की हेच बिघडतं: जोर भलत्या अवयवावर पडतो, लोक अडखळतात आणि गाणं पुढच्या दोघातिघांपुरतंच उरतं.

‘मी’ असेल तर स्पिरिच्युअल, ‘आम्ही’ असेल तर फ्रीडम साँग, हा ठोकताळा मात्र फसवा आहे. ‘वी शॅल ओव्हरकम’मध्ये ‘मी’चं ‘आम्ही’ झालं हे खरं. पण पुढे इतिहासकार झालेल्या याच बर्निस जॉन्सन रेगन यांच्या मते कृष्णवर्णीयांच्या गायनात ‘मी’ला वजन जास्त: प्रत्येकाने ‘मी आहे’ म्हटलं की समूह खरा उभा राहतो. आम्हाला हे म्हणणं पटतं, कारण अटक व्हायची वेळ येते ती एकेकावरच.

धीर कसा मिळत होता, याचं उदाहरण मिसिसिपीतल्या पार्चमन तुरुंगाचं. १९६१ च्या उन्हाळ्यात तिथे डांबलेले फ्रीडम रायडर्स (बसप्रवासातल्या वर्णभेदाला आव्हान देणारे कार्यकर्ते) गाणं थांबवेनात, तेव्हा पहारेकऱ्यांनी गाद्या काढून घ्यायची धमकी दिली. गाद्या गेल्या, गाणं चालू राहिलं. अशा ठिकाणी गळा चांगला असण्याशी काही संबंध नव्हता. शेजारच्या कोठडीतून ओळ परत येणं महत्त्वाचं होतं.

म्हणूनच आजची गायकमंडळं फ्रीडम साँग म्हणताना तिची स्पिरिच्युअल मैफल करून टाकतात, ते खटकतं. पट्टी उंच धरली की साध्या माणसाचा आवाज पोचत नाही. कडवी छापून ठरवून टाकली की त्या दिवशीच्या प्रश्नाला जागा राहत नाही. पट्टी खाली घ्यावी, टाळी दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर ठेवावी, पुढच्याने ओळ टाकावी आणि पुढचं कडवं कुणालाही सुरू करू द्यावं. स्पिरिच्युअलला मात्र ही घाई लावू नये. तिथे लय संथ ठेवून ओळीच्या शेवटचा सूर रेंगाळू दिला, तरच तिच्यातलं दुःख ऐकू येतं.