लिफ्टच्या चिपला झोप नाही

रात्री अडीचला घणसोलीतल्या आमच्या सोसायटीत चिटपाखरू नसतं. लिफ्ट तळमजल्यावर दार मिटून उभी असते. तिच्या पॅनलमधली चिप मात्र जागीच असते. कुठे बटण दाबलंय का? दार नीट लागलंय का? वजन जास्त तर नाही ना? शेवटचा प्रश्न विचारून झाला की पुन्हा पहिला.

अशा चिपचे प्रोग्राम बहुधा सी भाषेत लिहितात आणि त्यांच्या मुळाशी अनंत लूप असतो, म्हणजे त्याच सूचना न थांबता पुन्हा पुन्हा चालवणारा भाग. कॉलेजात पहिल्या वर्षी अनंत लूप म्हणजे घोडचूक, असंच मनावर ठसतं. पण कॉम्प्युटरवरचा प्रोग्राम संपला की ताबा ऑपरेटिंग सिस्टिमकडे जातो. छोट्या चिपमध्ये बऱ्याचदा ऑपरेटिंग सिस्टिमच नसते. तिथे 'मेन', म्हणजे प्रोग्रामचा मुख्य भाग, संपला, तर परतायचं कुठे?

हा लूप लिहायच्या दोन रीती रूढ आहेत. एक, व्हाइल(१): कंसातली अट खरी आहे तोवर फिरत राहा. सीमध्ये शून्य म्हणजे खोटं, बाकी कुठलीही संख्या खरी. म्हणून १ ही अट कधीच मोडत नाही. दुसरी, फॉर(;;). फॉरच्या कंसात सुरुवात, अट आणि पुढचं पाऊल असे तीन खण असतात. तिन्ही रिकामे ठेवले की उरतात दोन सेमीकोलन, आणि अटीचा खण रिकामा असेल तर ती कायम खरी धरायची, असा भाषेचाच नियम आहे. आजचे कंपायलर, म्हणजे कोडचं यंत्रभाषेत भाषांतर करणारे प्रोग्राम, दोन्हींपासून सहसा एकच यंत्रसूचना बनवतात: मागे उडी मार. म्हणजे फरक पडतो तो फक्त वाचणाऱ्याला. मला फॉर(;;) जास्त आवडतो, कारण इथे अटच नाही, हे तो उघडपणे दाखवतो. रस्ट भाषेने तर यासाठी 'लूप' असा स्वतंत्र शब्दच ठेवलाय.

घात करतो तो नकळत झालेला अनंत लूप. ३१ डिसेंबर २००८ला मायक्रोसॉफ्टचे ३० जीबीचे झून म्युझिक प्लेअर एकाच दिवशी गोठले. घड्याळाच्या कोडमधला एक लूप एकेका वर्षाचे दिवस वजा करत चालू वर्ष शोधायचा आणि उरलेल्या दिवसांची संख्या ३६५ पेक्षा जास्त असेपर्यंत फिरायचा. लीप वर्षात मात्र संख्या ३६६ पेक्षा जास्त असेल, तरच तो वजाबाकी करायचा. त्या दिवशी संख्या नेमकी ३६६ होती. अट खरी, पण वजाबाकी नाही. लूप जागच्या जागी गरगरत राहिला. बॅटरी पूर्ण उतरू द्या आणि दुसऱ्या दिवशी चालू करा, एवढाच उपाय होता.

अशा अडकण्यावर चिपमध्येच एक तोड असते: वॉचडॉग टायमर. मुख्य लूपने दर फेरीत त्याच्याकडे हजेरी लावायची. हजेरी चुकली की टायमर चिप रीसेट करतो. मात्र ही हजेरीची ओळ सगळी कामं उरकल्यावर, मुख्य लूपमध्येच हवी. ती टायमर इंटरप्टमध्ये, म्हणजे मुख्य लूपला मध्येच थांबवून ठरावीक वेळाने आपोआप चालणाऱ्या कोडमध्ये टाकली, तर लूप अडकला तरी हजेरी लागतच राहते, आणि लिफ्ट मजल्यांच्या मध्ये थांबलेली असताना वॉचडॉगच्या लेखी सगळं ठीक असतं.