फ्रीमेसनरी : उगम, वारसावस्तू, पदव्या व गैरसमज

फ्रीमेसनरी : दगडी बांधकाम करणाऱ्या कारागिरांची हत्यारे आणि शिस्त यांचा नैतिक शिकवणीची प्रतीके म्हणून वापर करणारी, मूळची ब्रिटनमधील बंधुसंस्था. तिचे मूळ एकक लॉज. अनेक लॉजवर एक ग्रँड लॉज. त्याहून वर साऱ्या जगाची अशी एकच सत्ता नाही. परमेश्वरावर श्रद्धा हवी, ही प्रवेशाची अट. तो कोणत्या धर्माने भजायचा, हे सदस्याने ठरवायचे. लॉजच्या बैठकीत धर्म आणि राजकारण यांवर वाद घालण्यास मनाई असते.

उगम

गवंडी-पाथरवटांच्या मध्ययुगीन संघटनांतून ही संस्था निघाली, हे सर्वसाधारणपणे मान्य आहे. ती कशी निघाली, यावर मात्र एकमत नाही. सर्वांत जुना आधार म्हणून जिचा निर्देश होतो ती रेजियस पोथी ७९४ ओळींची पद्यरचना असून जेम्स हॅलिवेल याने ती १८४० मध्ये छापली. तिचा काळ पूर्वी इ. स. १३९० च्या आसपास धरत. अलीकडील अभ्यासक तो पंधराव्या शतकाच्या दुसऱ्या चरणापर्यंत पुढे आणतात. भूमिती हीच बांधकामविद्या असून युक्लिडने ती इजिप्तमध्ये सरदारपुत्रांना शिकवली, अशी कथा तीत येते. कथेला ऐतिहासिक मूल्य नाही. तथापि कारागिरांनी आपल्या कसबाची वंशावळ तयार करण्याची खटपट तेव्हाच सुरू केली होती, एवढे तीवरून दिसते.

कारागिरांच्या लॉजमध्ये हळूहळू प्रतिष्ठित बिगर-कारागीर शिरले आणि कालांतराने लॉज त्यांचेच झाले, ही उपपत्ती बरीच वर्षे प्रमाण मानली जात होती. इंग्लंडमधील पुरावा तिला फारसा पोषक नाही. इंग्लिश पुराणवस्तू-संशोधक इलायस ॲशमोल याने १६ ऑक्टोबर १६४६ रोजी वॉरिंग्टन येथे आपला प्रवेश झाल्याची नोंद रोजनिशीत केली आहे. त्या बैठकीला हजर असलेल्यांत प्रत्यक्ष दगड घडवणारा कोणी असल्याचे दिसत नाही. स्कॉटलंडची स्थिती वेगळी. सहाव्या जेम्स राजाचा बांधकाम-अधिकारी विल्यम शॉ याने २८ डिसेंबर १५९८ आणि २८ डिसेंबर १५९९ रोजी दोन नियमावल्या काढल्या. दुसरीत एडिंबरो, किलविनिंग आणि स्टर्लिंग या लॉजचा क्रम लावून दिला आहे आणि सदस्यांची स्मरणविद्येत परीक्षा घ्यावी, असेही म्हटले आहे. एडिंबरो लॉजची इतिवृत्ते १५९९ पासून उपलब्ध आहेत. या सामग्रीच्या बळावर इतिहासकार डेव्हिड स्टीव्हन्सन याने १९८८ मध्ये स्कॉटिश उगमाची बाजू मांडली. दंतकथेपेक्षा दिनांकित वहीला मान द्यायचा असेल, तर आज हेच मत जास्त ग्राह्य वाटते.

लंडनच्या ग्रँड लॉजचे स्थापनावर्ष १७१७ असे सर्वत्र छापलेले आढळते. त्या वर्षी २४ जून रोजी सेंट पॉल कॅथीड्रलजवळच्या ‘गूज अँड ग्रिडआयर्न’ या मद्यगृहात चार लॉज एकत्र आले व अँथनी सेयर पहिला ग्रँड मास्टर (ग्रँड लॉजचा प्रमुख) झाला, अशी हकीकत आहे. ती प्रथम येते जेम्स अँडरसन याच्या नियमग्रंथाच्या दुसऱ्या, म्हणजे १७३८ च्या आवृत्तीत. १७२३ च्या पहिल्या आवृत्तीत ती नाही. अँड्र्यू प्रेस्कॉट आणि सूझन सॉमर्स यांनी याच विसंगतीवर बोट ठेवून १७२१ हे वर्ष सुचवले. त्या वर्षी ड्यूक ऑफ माँटेग्यू ग्रँड मास्टर झाला. संस्थेने २०१७ मध्ये त्रिशताब्दी साजरी केली. समारंभ काहीही सांगो, एकवीस वर्षांनी लिहिलेल्या हकिकतीला समकालीन दुजोरा नसणे ही गंभीर उणीव आहे. पुढे इंग्लंडमध्ये दोन प्रतिस्पर्धी ग्रँड लॉज निर्माण झाले आणि २७ डिसेंबर १८१३ रोजी त्यांचे विलीनीकरण झाले.

टेम्पलर सरदार या धर्मयुद्धांच्या काळातील लढवय्या संघाशी जोडले जाणारे नाते यापेक्षाही कच्चे आहे. तो संघ १३१२ मध्ये बरखास्त झाला, त्याचा प्रमुख जाक द मोले याला १३१४ मध्ये जाळण्यात आले आणि मधली चार शतके भरून काढणारा एकही कागद पुढे आलेला नाही.

नाशिकच्या अभ्यासकाला येथे आणखी एक मोह होण्यासारखा आहे : प्राचीन श्रेणींशी, म्हणजे कारागीर-संघांशी, लॉजचे नाते जोडण्याचा. पांडवलेण्यांतील क्र. १० च्या लेण्यात क्षत्रप राजा नहपान याचा जावई उषवदात याचा लेख असून त्यात गोवर्धन येथील कोष्ट्यांच्या दोन श्रेणींकडे कायमठेव ठेवल्याची नोंद आहे : एकीकडे २,००० कार्षापण (त्या काळचे नाणे) दरमहा शेकडा १ दराने, दुसरीकडे १,००० कार्षापण शेकडा पाऊण दराने. पहिल्या ठेवीचे वार्षिक व्याज २४० होते, आणि वीस भिक्षूंना वस्त्रासाठी प्रत्येकी बारा द्यायचे म्हणजे नेमकी तीच रक्कम. दान निगमसभेत (नगरसभेत) वाचून दाखवून फलकावर नोंदवले, असेही लेखात आहे. त्यातील ४२ हे वर्ष शक संवताचे धरल्यास इ. स. १२० येते, ते राज्यवर्ष मानणारे नहपानाला पहिल्या शतकात नेतात. नाण्यांचा पुरावा पाहता दुसऱ्या मताचे वजन वाढत आहे. त्याच लेण्यातील आभीर राजा ईश्वरसेन याच्या काळच्या लेखात तेली आणि जलयंत्रे करणाऱ्यांच्या श्रेणी येतात. या श्रेणी ठेवी स्वीकारीत, व्याज देत, करार पाळीत. गुप्त खुणा किंवा दीक्षा यांचा त्यांत मागमूस नाही. कारागीर संघटनेला मिळणारा विश्वास, इतकेच साम्य. युरोपीय लॉजशी त्यांचे नाते जोडण्यास काहीही आधार नाही.

पश्चिम भारतातील प्रसार

भारतातील पहिले लॉज कलकत्त्याच्या फोर्ट विल्यममध्ये १७३० च्या सुमारास निघाले. मुंबईचे १७५८ मध्ये. आरंभीचे सदस्य कंपनीचे नोकर, लष्करी अधिकारी आणि व्यापारी होते. आयरिश ग्रँड लॉजने १७३२ पासून पलटणींना फिरती वॉरंटे (लॉज चालवण्याच्या सनदा) देण्यास सुरुवात केल्यावर पलटण जाईल तिथे लॉज जाऊ लागले. कर्नाटकच्या नबाबाचा पुत्र उमदत-उल-उमरा याचा त्रिचिनापल्ली येथे झालेला प्रवेश (१७७५ च्या सुमारास) अपवादात्मक होता. एतद्देशीयांना खुला दरवाजा मुंबईत मिळाला. माणकजी कर्सेटजी यांना येथील लॉजनी नाकारले, तेव्हा त्यांनी पॅरिसमध्ये दीक्षा घेतली. पुढे १८४३ मध्ये डॉ. जेम्स बर्न्स याच्या पुढाकाराने स्कॉटिश सनदेखाली ‘रायझिंग स्टार ऑफ वेस्टर्न इंडिया’ हे लॉज स्थापन झाले, त्यात पारशी आणि मुसलमान सदस्य आले. (हा बर्न्स म्हणजे काबूलमध्ये १८४१ साली मारल्या गेलेल्या अलेक्झांडर बर्न्सचा भाऊ.) हिंदूंबाबत, ते अनेक देव मानतात या सबबीवर बराच काळ खळखळ झाली. कलकत्त्याचे प्रसन्नकुमार दत्त यांना १८७२ मध्ये प्रवेश मिळाल्यावर तो वाद संपत आला.

२४ नोव्हेंबर १९६१ रोजी ग्रँड लॉज ऑफ इंडियाची स्थापना झाली. रामपूरचे नबाब सय्यद रझा अली खान पहिले ग्रँड मास्टर झाले. इंग्लिश, स्कॉटिश व आयरिश सनदेखालील लॉजना नव्या संस्थेत यायचे की जुन्या सनदेत राहायचे, याची मुभा देण्यात आली होती. सध्या तिचे चार प्रादेशिक विभाग असून पश्चिम विभागाचे केंद्र मुंबईच्या फोर्ट भागातील फ्रीमेसन्स हॉल हे आहे. नाशिक याच विभागाच्या क्षेत्रात येते.

वारसावस्तू

देवळालीची छावणी, इगतपुरी-नाशिक रोडची रेल्वे वसाहत आणि मुंबईहून हवापालटासाठी येणारी पारशी कुटुंबे यांमुळे जुन्या सामानात किंवा सराफ बाजारात मोडीला आलेल्या चांदीत एखादे मेसनिक पदक निघाले, तर नवल नाही. अशी वस्तू वितळवण्यापूर्वी वाचून घ्यावी. वाचण्याचे काही नियम आहेत.

लॉजमध्ये ‘ज्वेल’ म्हणतात ते रत्न नव्हे, पदक. त्याचे दोन प्रकार. गळपट्ट्याला अडकवायचे ते पदाचे ज्वेल : मास्टरचा (लॉजप्रमुखाचा) गुण्या, त्याच्या खालोखालच्या सीनियर वॉर्डनची पातळी, ज्युनियर वॉर्डनचा ओळंबा. हे लॉजच्या मालकीचे असते व वर्ष संपले की पुढच्या पदाधिकाऱ्याकडे जाते. छातीवर लावायचे ते वैयक्तिक. घरात वारसाने येते ते बहुधा हेच. माजी मास्टरला इंग्लिश परंपरेत मिळणाऱ्या ज्वेलमध्ये गुण्याखाली युक्लिडचा ४७ वा सिद्धांत, म्हणजे शाळेत पायथागोरसच्या नावाने शिकतो ती आकृती, लटकवलेली असते. स्कॉटिश ज्वेलवर कंपास, वर्तुळकंस आणि सूर्य दिसतात. पहिल्या महायुद्धात कामी आलेल्यांच्या स्मरणार्थ लंडनमध्ये जो फ्रीमेसन्स हॉल उभारला (कोनशिला १९२७, उद्घाटन १९३३), त्याच्या निधीला देणगी देणाऱ्यांना ‘हॉल स्टोन ज्वेल’ मिळे. समुद्रापारच्या लॉजनीही त्यात वाटा उचलल्याने ते भारतातही आढळते. त्यावर १९१४–१९१८ ही वर्षे असतात, म्हणून पुष्कळदा ते लष्करी पदक समजले जाते.

चांदीवर चालणारा सिंह असेल तर ती इंग्लिश ९२.५ टक्क्यांची, सोबत जहाजाचा नांगर असल्यास तपासणी बर्मिंगहॅमची, बिबट्याचे डोके असल्यास लंडनची. शेजारचे एकटे अक्षर वर्ष सांगते. जुन्या कागदांवर आणि कोरीव मजकुरात वर्ष चार हजारांनी जास्त दिसते : ५८४३ म्हणजे १८४३. ही ‘प्रकाशवर्षाची’ गणना सृष्टीची उत्पत्ती इ. स. पू. ४००० मध्ये धरते. लॉजचा क्रमांक जपून वापरावा. इंग्लिश ग्रँड लॉजने १८३२ आणि १८६३ मध्ये सर्व क्रमांक बदलले; त्यामुळे एकाच लॉजच्या दोन वस्तूंवर दोन निराळे आकडे असू शकतात आणि नुसत्या आकड्यावरून लॉज ओळखू गेल्यास फसगत होते.

एप्रन कोकराच्या पांढऱ्या चामड्याचा. इंग्लिश पद्धतीत पहिल्या पदवीचा कोरा, दुसऱ्यावर फिकट निळ्या कापडाची दोन फुले, तिसऱ्यावर तीन फुले आणि त्याच रंगाची किनार. मास्टर झाल्यावर फुलांच्या जागी उलट्या टी अक्षरासारखी चिन्हे. ग्रँड लॉजच्या अधिकाऱ्यांची किनार गडद निळी. स्कॉटिश लॉज आपला रंग स्वतः निवडते, तेव्हा हिरव्या, लाल किंवा चौकड्यांच्या किनारीचा एप्रन बनावट समजू नये.

वॉरंट, म्हणजे लॉजची सनद, ही मात्र कोणाच्याच घरची नव्हे. लॉज बंद झाले की ती ग्रँड लॉजकडे परत करायची असते. इतिवृत्ताच्या वह्यांची गणना वस्तूंत करण्याचा प्रघात नाही. इतिहासाच्या दृष्टीने त्या साऱ्या चांदीहून मोलाच्या आहेत.

पदव्या

मूळ पदव्या तीनच : एंटर्ड अप्रेंटिस, फेलो क्राफ्ट, मास्टर मेसन. तिसरी बहुधा १७२० च्या दशकात रूढ झाली. सॅम्युएल प्रिचर्डने १७३० मध्ये तिचा विधी छापूनच टाकला. तीत सॉलोमनच्या मंदिराचा मुख्य शिल्पी हिराम याच्या खुनाची कथा नाट्यरूपाने सादर होते. बायबलमध्ये हा खून नाही. तेथला हिराम वास्तुशिल्पीही नव्हे, तर तांब्या-पितळेचे ओतकाम करणारा कसबी आहे (तांबटांच्या नाशिकला तो परका वाटू नये). त्याने याखीन आणि बोआझ हे दोन स्तंभ ओतले. त्याची आई एका ठिकाणी नफ्ताली वंशातली, दुसरीकडे दान वंशातली सांगितली आहे; स्तंभांची उंचीही एकदा १८ हात, एकदा ३५ हात. हा पाठभेद जुळवण्यात अठराव्या शतकातील मेसनिक लेखकांनी बरीच शाई खर्च केली.

मास्टर मेसन ही पदवी आणि लॉजचा मास्टर हे पद वेगळे. पद सामान्यतः एका वर्षाचे असते. त्याच्या खालोखाल दोन वॉर्डन, मग खजिनदार, चिटणीस, दोन डीकन, आतला रक्षक, आणि दाराबाहेर तलवार घेऊन उभा राहणारा टायलर. ‘तेहतीस अंशांची’ शिडी हा स्कॉटिश राइट नावाच्या स्वतंत्र पद्धतीचा भाग. तिचे पहिले सर्वोच्च मंडळ १८०१ मध्ये अमेरिकेतील चार्ल्सटन येथे बसले. तेहतिसाव्या अंशाचा सदस्य साध्या लॉजमध्ये कोणावरही हुकूम चालवू शकत नाही.

गैरसमज

उत्तर हिंदुस्थानात लॉजला ‘जादूघर’ म्हणत, मुंबईकडे ‘शैतानखाना’. एकोणिसाव्या शतकातील अँग्लो-इंडियन शब्दसंग्रहात ही दोन्ही नावे आली आहेत. बंद दार, उमेदवाराच्या डोळ्यांवर पट्टी, गळ्यात दोर, आणि तिसऱ्या पदवीच्या चित्रफलकावर कवटी व शवपेटी : एवढे साहित्य अफवेला पुरेसे होते. शपथेत गळा कापण्यासारख्या शिक्षांचा उच्चार होई, हे खरे. इंग्लिश ग्रँड लॉजने १९८६ मध्ये तो भाग शपथेतून वगळला. अशी शिक्षा नियमाने अमलात आणली जाई, यास पुरावा नाही. न्यूयॉर्क राज्यात १८२६ मध्ये मेसनांची गुपिते छापू पाहणारा विल्यम मॉर्गन नाहीसा झाला, ते प्रकरण मात्र झटकून टाकण्याजोगे नाही. त्यातून अमेरिकेत मेसनविरोधी राजकीय पक्ष उभा राहिला.

सैतानपूजेच्या आरोपाचे मूळ बरेचसे लिओ ताक्सिल या फ्रेंच लेखकाकडे जाते. बारा वर्षे रंगवलेली ती सारी थाप असल्याचे त्याने १९ एप्रिल १८९७ रोजी पॅरिसमध्ये जाहीर सभेत कबूल केले. कबुलीनंतरही त्याचा मजकूर आजतागायत फिरतो आहे. कॅथलिक चर्चचा विरोध त्याआधीचा, १७३८ च्या पोप-आज्ञेपासूनचा. फ्रीमेसनरीशी ज्याची गल्लत होते तो इल्युमिनाटी हा बव्हेरियात १७७६ मध्ये निघून दशकभरात दडपला गेलेला वेगळा संघ. मेसनांची खूण समजला जाणारा डॉलरच्या नोटेवरचा डोळा १७८२ च्या अमेरिकी राजमुद्रेतून आला आहे.

नाशिकमध्ये एक खास घोटाळा होतो. गुप्त संस्था म्हटले की येथे तिळभांडेश्वर गल्ली, मित्रमेळा आणि १९०४ पासूनची अभिनव भारत आठवते. सावरकरांनी मॅझिनीचे चरित्र मराठीत आणले, आणि मॅझिनी फ्रीमेसन होता असे सांगितले जाते, म्हणून दोन्ही धागे एकाच सुताचे मानले जातात. मॅझिनी कार्बोनारी या इटालियन गुप्त संघात होता, हे निश्चित. कार्बोनारींनी विधींचा साचा मेसनांकडून घेतला, हेही बहुतेकांना मान्य आहे. मॅझिनी स्वतः मेसन असल्याचा दावा मात्र अभ्यासक सहसा स्वीकारत नाहीत. मुख्य फरक हेतूचा. अभिनव भारतची शपथ परकी राज्य उलथण्याची होती. अँडरसनच्या नियमांत मेसनाने राज्यसत्तेविरुद्धच्या कटात पडू नये, असे स्पष्ट आहे. पुढचे कलम कमी उद्धृत होते : एखादा बंधू बंडखोर निघाला तर त्याच्या बंडाला पाठिंबा देऊ नये, पण दुसरा गुन्हा नसेल तर त्याला लॉजमधून काढताही येत नाही.

स्त्रियांना नियमित, म्हणजे ग्रँड लॉजची मान्यता असलेल्या, लॉजमध्ये प्रवेश नाही. ॲनी बेझंट १९०२ मध्ये ज्या स्त्री-पुरुष संमिश्र संस्थेत दाखल झाल्या आणि जिच्या शाखा पुढे भारतात निघाल्या, तिला ग्रँड लॉज मान्यता देत नाहीत. रोटरी आणि लायन्स यांच्याशी फ्रीमेसनरीचा संघटनात्मक संबंध नाही.