इंजिन बदललेली जुनी गाडी: आरटीओत अर्ज नेमका कुठे अडतो

जुनी फियाट, अ‍ॅम्बेसेडर नाहीतर जीप हौसेनं उभी करणाऱ्यांचे अर्ज परत येतात ते बहुतेक एकाच कारणानं: इंजिन आधी बसवलं आणि कागद नंतर शोधायला घेतले. गॅरेजचं बिल भागवून झालेलं असतं, गाडी झकास चालत असते. मग निरीक्षक बोनेट उघडून नंबर वाचतो आणि आरसीवर भलताच नंबर निघतो. म्हणून ही माहिती इंजिन उतरवायच्या आधी वाचा. उतरवलं असेल तरी वाचा, निदान कोणत्या खिडकीवर जाऊन वेळ घालवू नये हे कळेल.

व्हिंटेजचा गैरसमज

"इंजिन बदललंय ना? मग व्हिंटेजमध्ये टाकू," असा सल्ला एजंट सर्रास देतात. हा सल्ला साफ उलटा आहे. जुलै २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत व्हिंटेज गाड्यांची वेगळी तरतूद आली. तिच्यात बसायला दुचाकी किंवा चारचाकी ५० वर्षांहून जुनी हवी, मूळ रूपात जपलेली हवी आणि चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरबदल झालेला नको. म्हणजे इंजिन बदललेल्या गाडीला जी वाट सुचवली जाते, तिथूनच ती नियमानं बाहेर पडते.

५० वर्षं मोजायची ती पहिल्या नोंदणीच्या तारखेपासून. बोनेटखालच्या पट्टीवरचं उत्पादनाचं वर्ष दाखवून उपयोग नाही. परदेशातून आलेल्या गाडीलाही हाच हिशेब लागतो, शिवाय कस्टमचं बिल ऑफ एंट्री लागतं. १९८५ ची पद्मिनी कितीही देखणी राखली असली, तरी २०३५ पर्यंत ती या नियमापुरती फक्त जुनी गाडी आहे.

बाकी प्रक्रिया सोपी: परिवहन पोर्टलवर फॉर्म २०, विमा, जुनी आरसी आणि शुल्क. नवी व्हिंटेज नोंदणी २०,००० रुपये, पुढची पुनर्नोंदणी ५,००० रुपये, मुदत १० वर्षं. आधीचा नंबर असेल तर तोच ठेवता येतो, नवा मिळाला तर त्यात 'व्हीए' ही अक्षरं येतात. पण ही नोंदणी घेतली की गाडी रोजच्या वापराला किंवा धंद्याला काढता येत नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती एवढ्यापुरतीच रस्त्यावर. रविवारी बायकामुलांना घेऊन लोणावळ्याला जायचं असेल, तर साधी नोंदणीच चालू ठेवा.

१४ दिवस आणि १० गाड्या

इंजिन बदलाचा कायदा म्हणजे मोटार वाहन अधिनियम १९८८ चं कलम ५२. त्यातल्या दोन वाक्यांचा गॅरेजांत पार चोथा झालेला आहे.

पहिलं म्हणजे १४ दिवस. "बदल केल्यावर १४ दिवसांत कळवायचं," एवढंच लोक लक्षात ठेवतात. कळवायचं असतं हे खरं, पण मंजुरी आधी घ्यायची असते. १४ दिवस आहेत ते मंजूर बदल आरसीवर चढवण्यासाठी, केलेला बदल माफ करून घेण्यासाठी नाहीत.

दुसरं: "त्याच कंपनीचं, त्याच प्रकारचं इंजिन असेल तर परवानगी लागत नाही." असं वाक्य कायद्यात आहे, पण ते किमान १० परिवहन वाहनं (धंद्याच्या, भाड्याच्या गाड्या) बाळगणाऱ्या मालकांसाठी, आणि तेही राज्य सरकारनं अधिसूचना काढून मुभा दिली असेल तर. तुमच्या घरासमोर उभ्या असलेल्या एकुलत्या एक फियाटला ते लागू नाही.

आता मंजुरी कशाला मिळते? पद्मिनीचं १०८९ सीसी इंजिन गेलं आणि तसंच दुसरं आणलं, तर प्रकरण कागदांवर सुटतं. वेगळ्या कंपनीचं, वेगळ्या सीसीचं किंवा पेट्रोलच्या जागी डिझेल इंजिन असेल, तर नकार गृहीत धरा. उत्पादकानं ठरवलेल्या तपशिलांशी आरसी विसंगत होईल असा बदल करता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०१९ मध्ये पुन्हा बजावलं, आणि तेव्हापासून निरीक्षक सही करायला कचरतात. सीएनजी आणि इलेक्ट्रिक किटला कायद्यानं वाट ठेवली आहे, पण किटला मान्यता हवी आणि ती किट बनवणाऱ्यानं एआरएआयसारख्या चाचणी संस्थेकडून घ्यायची असते. गॅरेजमध्ये जमवलेल्या मोटर-बॅटरीला तुम्ही स्वतः मान्यता आणू शकत नाही.

सगळ्यांत वाईट अवस्था जीपवाल्यांची. जुन्या पेट्रोल जीपमध्ये कोणीतरी कधीकाळी डिझेल इंजिन बसवलं, आरसीवर 'पेट्रोल' तसंच राहिलं आणि गाडी तीन-चार हात फिरून तुमच्याकडे आली. बदल तुम्ही केला नाही, पण आज मालक तुम्ही आहात. परवानगीविना बदलाला कलम १८२अ खाली मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. घेण्याआधी बोनेट उघडा, इंधन, इंजिन नंबर आणि चासी नंबर आरसीशी ताडून पाहा, मगच बयाणा द्या. मूळ जातीचं पेट्रोल इंजिन परत बसवणं महाग वाटतं, पण पुष्कळदा तेवढाच सरळ रस्ता उरतो.

कोणाकडेच नसतो तो कागद

इंजिन कुठून आणलं याचा पुरावा! बाजारात साठ-सत्तर सालच्या गाडीचं नवं इंजिन मिळत नाही, म्हणून ते भंगारवाल्याकडून येतं आणि तो वहीच्या चिठ्ठीवर 'फियाट इंजिन १ नग' लिहून देतो. ही चिठ्ठी कोणी धरत नाही, आणि यात मी आरटीओला दोष देणार नाही, कारण चोरीच्या गाडीचं इंजिन नेमकं याच वाटेनं विकलं जातं. बिलावर विकणाऱ्याचं नाव-पत्ता, जीएसटी नंबर आणि पूर्ण इंजिन नंबर हवा. इंजिन ज्या गाडीतून निघालं तिची आरसी रद्द झाल्याचा कागदही मागतात. कलम ५५ प्रमाणे गाडी कायमची निकामी झाली की मालकानं १४ दिवसांत कळवून आरसी जमा करायची असते. प्रत्यक्षात ती आरसी एखाद्या कपाटात पडून असते. म्हणून इंजिन पसंत पडलं की आधी त्या मूळ मालकाला गाठा. ते जमत नसेल तर दुसरं इंजिन बघा. जरा महाग पण कागदवालं इंजिन शेवटी स्वस्त पडतं.

तोच न्याय चासीला. पासिंगच्या वेळी चासी नंबरचा पेन्सिलनं छापा घेतात. गंजानं अक्षरं खाल्ली असतील तर पत्रेवाल्याकडून हौसेनं नवे पंच मारून घेऊ नका, तो नंबर खोडल्याचा संशय ठरतो. आधी आरटीओला लेखी कळवून परवानगी मागा, मगच पंचिंग.

जुनी पुस्तकं, जुनी नावं

एमआरएच, बीएमसी अशा नंबरांच्या कित्येक जुन्या गाड्या 'वाहन' या सरकारी ऑनलाइन नोंदणी प्रणालीत दिसतच नाहीत. पोर्टल 'रेकॉर्ड नाही' म्हणतं आणि लोक परत फिरतात. फिरू नका. मूळ आरसी पुस्तक घेऊन ज्या आरटीओत नोंदणी झाली तिथे बॅकलॉग एन्ट्रीचा, म्हणजे जुनी नोंद प्रणालीत चढवण्याचा, अर्ज द्या. ती झाल्याशिवाय पुढचा एकही ऑनलाइन अर्ज हलत नाही. गाडी अजून आजोबांच्या नावावर असेल तर आधी वारसांची संमती आणि फॉर्म ३१. आरसीवर चाळीस वर्षांपूर्वीच्या कर्जाचा बोजा दिसत असेल तर तो उतरवायला बँकेकडून फॉर्म ३५. बँक विलीन झाली असेल तर ज्या बँकेत झाली तिच्याकडून. सगळं एकाच फेरीत उरकू म्हणणारे सगळ्यांत जास्त फेऱ्या मारतात, कारण आधी मालकी, मग बोजा, मग इंजिन, हा क्रम मोडला की फाइल परत येते.

साध्या नोंदणीचं नूतनीकरण फॉर्म २५ वर, पाच-पाच वर्षांनी. मुदत संपण्याच्या ६० दिवस आधीपासून अर्ज करता येतो. ते ६० दिवस मुदत उलटल्यावरची सवलत नाहीत. उशिराला चारचाकीसाठी महिन्याला ५०० रुपये चढतात. ऑगस्ट २०२५ पासून २० वर्षांवरच्या मोटारीला शुल्क १०,००० रुपये झालं, परदेशातून आणलेल्या मोटारीला ८०,०००. पर्यावरण कर वेगळा. इंजिन नंबर जुळत नसेल तर हे सगळं भरूनही गाडी पास होत नाही, तेव्हा तो प्रश्न आधी मिटवा.

मंजुरी मिळाली की विमा कंपनीला त्याच आठवड्यात कळवा. आणि खिडकीवर नुसतं "होणार नाही" म्हणाले, तर नकार कारणासह लेखी मागा. कलम ५७ खाली अपील करता येतं, पण त्याचे ३० दिवस मोजतात ते आदेश हातात पडल्यापासून. तोंडी नकारावर अपील कशावर करणार?